शेततळं हिरवं पडलंय? मोरचूद टाकायच्या आधी एवढं बघून घ्या

मार्च लागला की आमच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. शेततळं, कडेला पोपटी साय, आणि खाली लिहिलेलं, पाणी हिरवं पडलंय काय टाकू. पाच मिनिटांत दहा जणांचं एकच उत्तर, मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) टाका. आता निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षावर बोर्डो हे बुरशीनाशक मारायला मोरचूद घरात असतंच, त्यामुळे माणूस विचार न करता पोतं उचलतो आणि तळ्याकडे चालायला लागतो. आमच्या मामानेही तेच केलं होतं. चांदवडकडे तळं आहे त्याचं, त्यात हौसेने रोहू-कटला सोडलेले, संध्याकाळी मोरचूद गोणपाटात बांधून दोरीने तळ्यात ओढलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी निवळलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे पोट वर करून. मामा म्हणाला, पाणी तर साफ झालं ना. मी तेव्हा बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेऊन नुकताच शिकायला लागलेलो, काही बोललो नाही, पण त्या दिवसापासून या विषयाचं जे मिळेल ते वाचत आलोय. घरच्या घरी काय काय तपासता येतं आणि त्यामागे नवीन-जुनं संशोधन काय म्हणतं ते इथे लिहितोय, सलग वाचलं तर बरं.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. तळ्यात जे जे हिरवं ते सगळं शेवाळ नसतं. केसांसारखं लांब, हाताला तंतू लागतात ते खरं शेवाळ, वनस्पतींच्या जवळचं. आणि रंगाचा डबा सांडल्यासारखं जे दिसतं ते बहुतेक वेळा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे पुस्तकातलं नील-हरित शेवाळ, पण नावात शेवाळ असलं तरी जात बॅक्टेरियाची. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो यांच्यामुळे, आणि झाडाच्या पानातलं हरितद्रव्य ज्या पिशवीत असतं ती पिशवीसुद्धा मूळची यांच्याच खानदानातली. थोर मंडळी आहेत, वाद नाही. फक्त यातल्या काही जाती विष बनवतात आणि त्या नेमक्या आपल्यासारख्या कोमट, साचलेल्या, खताच्या पाण्यात खूश असतात.

पहिली तपासणी काठीची, फुकट आहे. हातात रबरी ग्लोव्हज घाला, एक लांब काठी घ्या आणि वारा ज्या कोपऱ्यात साय ढकलतो तिथे बुडवून वर काढा. काठीला केसांच्या जटा लोंबल्या तर ते तंतुमय शेवाळ, ड्रीपचा फिल्टर जाम करेल पण सहसा जनावर मारणार नाही. काठी रंगात बुडवल्यासारखी हिरवी झाली तर पुढे वाचा. वर बारक्या टिकल्यांसारखी सुटी पानं तरंगत असतील तर ती पाणवनस्पती, तो वेगळा विषय. कडेची साय वाळताना तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकच्या पन्नीवर निळसर डाग पडलाय का तेही बघा, पेशी फुटून आतला निळा रंग बाहेर आल्याची ती खूण, आमच्या तळ्यावर मला सगळ्यात आधी तीच दिसली होती.

दुसरी बरणीची. काचेची स्वच्छ पारदर्शक बरणी घ्या, लोणच्याची चालेल पण तेलाचा अंश नको. वरची साय बाजूला सारून वीतभर खालचं पाणी पाऊण बरणी भरा, झाकण लावा, बाहेरून पुसा आणि न हलवता फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. बरणीवर मोठ्या अक्षरात पिऊ नका लिहा, आमच्या आईने एकदा पालकाचं सूप समजून बरणी गॅसजवळ आणली होती आणि नंतर मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. सकाळी हिरवा थर तळाशी बसलेला दिसला तर साधं शेवाळ असायची शक्यता जास्त. थर वर, पाण्याच्या तोंडाशी कड्यासारखा जमला असेल तर सायनोबॅक्टेरियाचा संशय पक्का धरा. कारण यांच्या पेशीत हवेच्या बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांच्या जोरावर ते उजेडाकडे वर येतात आणि पेशीत साखर साठून जड झाले की खाली जातात, म्हणूनच सकाळी साय दिसते, वारा सुटला की गायब होते आणि लोक म्हणतात आपोआप गेलं. अर्थात ही तपासणी शंभर टक्के नाही. काही जाती वर न येता पाण्यात मिसळूनच राहतात आणि काही पोहणारे निरुपद्रवी जीवही वर येतात.

म्हणून तिसरी, माझी आवडती. यांच्यात फायकोसायनिन नावाचं निळं रंगद्रव्य असतं, साध्या हिरव्या शेवाळात ते नसतं. आधी खात्रीसाठी मेडिकलमधून स्पिरुलिनाची कॅप्सूल आणा. स्पिरुलिना म्हणजे पण सायनोबॅक्टेरियाच, फक्त खायच्या लायकीचा. कॅप्सूल उघडून पावडर अर्ध्या ग्लास गार पाण्यात टाका आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी चोथा तळाला आणि वरचं पाणी गणपतीच्या मखराला लावतात तसं निळंशार, एकदा बघितलं की विसरणार नाही. गरम पाणी वापरू नका, निळा रंग उष्णतेने मोडतो. आता तळ्याच्या पाण्याची पाळी. साय जिथे दाट आहे तिथलं कपभर पाणी प्लास्टिकच्या डब्यात घेऊन डीप फ्रीजरमध्ये गोठवा, वितळवा, परत गोठवा, असं दोन-तीनदा, म्हणजे पेशी फुटतील. मग कॉफीच्या फिल्टर पेपरमधून किंवा चौपदरी टिश्यूमधून गाळा. खाली उतरलेलं पाणी निळसर आलं तर संशयाला जागा नाही. साय पातळ असेल तर रंग दिसणार नाही, तेवढं लक्षात असू द्या. डबा नंतर घासून परत स्वयंपाकात नेऊ नका.

सूक्ष्मदर्शक मिळाला तर मजा आणखी. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या टीमने २०१४ मध्ये जगासमोर आणलेला कागदाचा फोल्डस्कोप भारतात ऑनलाइन मिळतो, साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि मोबाईल लावून फोटो काढता येतो. थेंबभर पाण्यात रवा सांडल्यासारखे बिनआकाराचे पुंजके दिसले तर मायक्रोसिस्टिस असायची शक्यता, तोच जगभरात सगळ्यात कुप्रसिद्ध. मण्यांची माळ दिसली तर अ‍ॅनाबिनाच्या म्हणजे दुसऱ्या एका सायनोबॅक्टेरियाच्या भावकीतलं. माळेत मध्येच एखादा मणी जाड, फिकट, जरा वेगळा दिसतो, तो नीट बघा, कारण हवेतला नत्र पकडायचं काम तोच करतो, ऑक्सिजन आत येऊ नये म्हणून त्याची भिंत जाड असते. माळ बघायला तळ्यात जायचीसुद्धा गरज नाही. गाईला अझोला ही तरंगती पाणवनस्पती घालत असाल तर त्याचं एक पान काचपट्टीवर थेंबभर पाण्यात चिरडा. अझोलाच्या पानाच्या पोकळीत सायनोबॅक्टेरिया भाडेकरू म्हणून राहतात आणि भाडं नत्रात देतात.

आणि आता द्राक्षवाल्यांच्या खास कामाची गोष्ट, जी मला दुकानात कुणी कधी सांगितली नव्हती. पीएच मीटर प्रत्येकाकडे असतोच, तळ्याचं पाणी सकाळी सहाला मोजा आणि दुपारी तीनला मोजा. आमच्याकडे गेल्या मार्चमध्ये सकाळी ७.८ आणि दुपारी ९.४ आलं, त्याच तळ्यात, त्याच दिवशी. दिवसभर हे जीव पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात म्हणून पीएच चढतो, रात्री श्वास घेताना परत सोडतात म्हणून उतरतो. दुपारी भरलेल्या फवारणीच्या ब्लोअरच्या टाकीत तुम्ही कॅप्टान हे बुरशीनाशक टाकलं तर एवढ्या अल्कली पाण्यात ते काही मिनिटांत निम्मं मोडून जातं. मग आपण म्हणतो औषध डुप्लिकेट होतं. तेव्हा हिरव्या तळ्याचं पाणी फवारणीला वापरायचंच झालं तर पहाटेचं घ्या, पीएच मोजून दुरुस्त करा, आणि तोंडाला मास्क लावा कारण तुषारांबरोबर पेशीही नाकात जातात. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते याच चक्रामुळे, रात्रभरात ऑक्सिजन संपलेला असतो.

पाणी किती गढूळ ते मोजायला स्टीलची जुनी ताटली घ्या, चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या, मध्ये भोक पाडून गाठी मारलेली दोरी बांधा आणि सोडा. ताटली दिसेनाशी होते ती खोली वहीत लिहा. अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्याने १८६५ मध्ये ही युक्ती काढली, अजूनही जगभरातले तलावतज्ज्ञ हेच करतात. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच कोपऱ्यात.

सॅटेलाइटवरून हे हिरवं पाणी ओळखता येईल का, असं खूप जण विचारतात. कोपर्निकस ब्राउझर ही सॅटेलाइट चित्रांची वेबसाइट फुकट आहे, तिथे सेंटिनेल-२ या सॅटेलाइटची चित्रं साधारण पाच दिवसांनी येतात, गंगापूर धरणाचा हिरवेपणा त्यात छान बघता येतो. पण त्या चित्राचा एक ठिपका (पिक्सेल) १० ते २० मीटरचा, म्हणजे तुमचं तळं चार-पाच ठिपक्यांत संपलं. शिवाय फायकोसायनिन ज्या ६२० नॅनोमीटरच्या आसपास उजेड शोषतं तो पट्टा सेंटिनेल-२ कडे नाही. सेंटिनेल-३ कडे आहे, पण त्याचा ठिपका ३०० मीटरचा. शेततळ्याला काठी आणि बरणीच बरी.

समजा सगळ्या तपासण्या सायनोबॅक्टेरियाकडे बोट दाखवतायत. आता काय करायचं याच्या आधी काय करायचं नाही ते सांगतो. ऑस्ट्रेलियात पाम आयलंड म्हणून बेट आहे. १९७९ मध्ये तिथल्या लोकांनी तक्रार केली की धरणाच्या पाण्याला वास येतोय, चव बिघडलीये. प्रशासनाने आपल्यासारखंच केलं, धरणात मोरचूद टाकलं. काही दिवसांत १४८ जण आजारी पडले, त्यातली १३८ लहान मुलं, उलट्या, लिव्हर सुजलेलं, लघवीतून रक्त. कारण कळायला काही वर्षं गेली. विष पेशीच्या आत बंद होतं, मोरचुदाने पेशी एका झटक्यात फुटल्या आणि सगळं विष पाण्यात आलं. पाणी मात्र दिसायला स्वच्छ. मामाच्या तळ्यातही पाणी असंच निवळलं होतं. मासे मेले ते बहुधा मेलेल्या पेशी सडताना ऑक्सिजन संपल्यामुळे आणि थोडे तांब्यामुळे, विष होतं की नव्हतं ते कुणी तपासलंच नाही, पण आठवडाभर त्याच पाण्यावर गाई होत्या हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

विष किती कडक असतं? मायक्रोसिस्टिन हे त्यातलं सगळ्यात अभ्यासलेलं, लिव्हरवर जातं, त्याचे अडीचशेच्या वर प्रकार सापडलेत. रोजच्या पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर लिटरमागे १ मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने ठेवलीये. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत मिठाचे दहा-पंधरा बारीक कण टाकले तर जेवढं होईल तेवढं. उकळून ते जात नाही, उलट पेशी फुटतात आणि पाणी आटल्यामुळे प्रमाण वाढतं, तेव्हा उकळून जनावरांना देतो म्हणणाऱ्यांनी थांबा. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात लाखो लोकांना दोन-तीन दिवस नळाचं पाणी पिऊ नका सांगितलं होतं ते याच विषामुळे. बोत्सवानात २०२० मध्ये तीनशेच्या वर हत्ती मेले, तिथल्या सरकारने पाणवठ्यातल्या सायनोबॅक्टेरियाच्या विषाकडे बोट दाखवलं, आणि २०२४ मध्ये सॅटेलाइटची चित्रं तपासून झालेल्या अभ्यासाने त्याला दुजोरा दिला. आणि पक्षीवाल्यांसाठी एक, नांदूरमध्यमेश्वरला जाता ना? आपल्या वारकरी पक्ष्याच्या अमेरिकन भावकीतले पक्षी हायड्रिला नावाची पाणवेल खातात, त्या पानांवर एक सायनोबॅक्टेरिया वाढतो, आणि त्या पक्ष्यांना खाणारे गरुड मेंदू बिघडून मरतात. १९९४ पासूनचं हे कोडं २०२१ मध्ये सुटलं, विष बनायला पाण्यात ब्रोमाइड लागतं हेही तेव्हाच कळलं. सव्वीस-सत्तावीस वर्षं लागली एका पानावरचा ठिपका ओळखायला.

तर करायचं काय. पहिलं काम, जनावरं आणि कुत्री त्या पाण्यावरून हलवा, आजच, बाकी सगळं उद्या. गाय सुस्त झाली, खाणं सोडलं, लडखडायला लागली तर डॉक्टरांना तळ्याचा फोटो दाखवून सांगा की हे पाणी प्यायलीये, नाहीतर ते बिचारे दुसरीकडेच शोधत बसतील. मोटरीचा फुटवॉल, म्हणजे पाणी ओढणारं तोंड, ड्रम बांधून मधल्या खोलीवर ठेवा, वरची साय ओढायची नाही आणि तळाचा गाळही नाही.

दुसरं, खत. याच्यावर मी जरा जास्त बोलणार. आम्ही व्हेंचुरीचा, म्हणजे ड्रीपमधून खत सोडायचा, ड्रम तळ्याच्या बांधावर धुवायचो, सगळेच धुतात. एकदा हिशोब केला. १२:६१:०० या विद्राव्य खतामध्ये फॉस्फरस शुद्ध धरला तर साधारण २६ टक्के. म्हणजे किलोभर खत तळ्यात गेलं तर २६० ग्रॅमच्या पुढे फॉस्फरस. वीस लाख लिटरच्या तळ्यात तो पसरला की लिटरमागे १३० मायक्रोग्रॅम. तलावांचा अभ्यास करणारे १०० च्या वर गेलं की अतिपोषित म्हणतात. एक किलो! ड्रम खळखळून धुतला की दोन-चार वेळात एवढं सहज जातं, वर शेणस्लरी आणि कोंबडखताचं पावसात वाहून येणारं वेगळं. कॅनडात तलाव क्रमांक २२७ म्हणून एक तलाव आहे, त्यात शास्त्रज्ञ १९६९ पासून मुद्दाम खत टाकतायत. १९९० मध्ये नत्र बंद करून फक्त फॉस्फरस चालू ठेवला, तरी तलाव हिरवाच राहिला, कारण सायनोबॅक्टेरियांनी हवेतला नत्र घेतला. नत्रही कमी करावा की नाही यावर अजून भांडणं चालू आहेत, पण फॉस्फरस अडवायचा यावर सगळ्यांचं एकमत. तेव्हा ड्रम बागेत नेऊन धुवा, बांधाच्या बाहेरून चर काढा, आणि मे मध्ये तळं रिकामं झालं की गाळ काढा, कारण जुना फॉस्फरस तिथे बसलेला असतो आणि तळाचा ऑक्सिजन संपला की परत पाण्यात येतो.

तिसरं, हायड्रोजन पेरॉक्साइड. ड्रीप साफ करायला काही जण वापरतात म्हणून माहितीये. नेदरलँडमध्ये २००९ मध्ये एका अख्ख्या तलावात लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम एवढं कमी पेरॉक्साइड मिसळलं, सायनोबॅक्टेरिया कोसळले आणि साधं शेवाळ, बारीक किडे बऱ्यापैकी वाचले, औषध दोन-तीन दिवसांत पाणी आणि ऑक्सिजन होऊन संपलं. तांब्यासारखं गाळात साठत नाही हा मोठा फायदा. वीस लाख लिटरला हिशोबाने शुद्ध ४ किलो, म्हणजे ५० टक्क्यांचं ८ किलो. हिशोब सोपा आहे पण लगेच कॅन आणायला धावू नका. ५० टक्क्यांचं अंगावर उडालं तर चामडी पांढरी पडते, सगळीकडे सारखं मिसळणं अवघड असतं, साय दाट असेल तर डोस वाटेतच संपतो, आणि पेशी फुटून विष इथेही बाहेर येतंच, त्यामुळे जनावरं लांबच. माझं मत विचाराल तर साय नुकती दिसायला लागली तेव्हा, जाणकार माणूस बरोबर घेऊन. साय जाडजूड झाल्यावर मी काहीच टाकत नाही, जाळीने कोपऱ्यातली साय काढून खड्ड्यात पुरतो आणि पाणी ड्रीपने बागेला संपवतो.

आता एवढं वाचून त्यांच्यावर खार खाऊ नका. इगतपुरी-त्र्यंबककडच्या भातवाल्यांना हेच जीव फुकट युरिया देतात. पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवलं की भातखाचरात नत्र धरायचं काम यांचं आहे. आजही लावणीनंतर आठवड्याने हेक्टरी १० किलो निळ्या-हिरव्या शेवाळाची भुकटी टाकायची शिफारस असते, हंगामात हेक्टरी २०-३० किलो नत्र मिळतो. आणि २०२४ ची बातमी तर भन्नाट, समुद्रातल्या एका शेवाळाच्या पेशीत राहून हवेतला नत्र पकडणारा सायनोबॅक्टेरिया आता वेगळा जीव उरलेलाच नाही, पेशीचाच अवयव झालाय, त्याला नायट्रोप्लास्ट नाव दिलं. पुढेमागे पिकाच्या पेशीत असं काही बसवता येईल का यावर लोक डोकं लावतायत. आबांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे गोणी उचलायची कटकट गेली. मी म्हटलं, आबा, त्याला अजून लई टाइम आहे.

शेवटचं, लॅबला नमुना द्यायचा असेल तर. आधी फोन करून विचारा की मायक्रोसिस्टिन तपासता का, नुसती पाणी तपासणी म्हणालात तर क्षार आणि पीएचचा कागद हातात देतील. बाटली शक्यतो काचेची, बाहेरून काळी पिशवी किंवा फॉइल गुंडाळलेली, काठोकाठ भरायची नाही. एक बाटली सायीची, एक मधल्या पाण्याची, दोन्हीवर तारीख, वेळ आणि कोपरा लिहा. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून २४ तासांच्या आत पोचवा, आणि बाटली गाडीच्या डिकीत दुपारभर तापू देऊ नका.